डिॲना डर्बिन बघायला-ऐकायला सुरुवात कुठून करायची

जुन्या हॉलिवूडमधल्या गाणाऱ्या नट्यांचा विषय निघाला की बहुतेकांची गाडी ज्युडी गार्लंडवर थांबते, फार तर डोरिस डे आणि ज्युली अँड्र्यूजपर्यंत जाते, आणि डिॲना डर्बिनचं नाव कुणी घेतच नाही, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं. एकेकाळी ही मुलगी कुठे कुठे पोचली होती बघा. ॲम्स्टरडॅमला लपून राहिलेल्या ॲन फ्रँकनं खोलीच्या भिंतीवर जी चित्रं चिकटवली होती त्यात ही होती, आणि इकडे कलकत्त्यात शाळकरी सत्यजित राय यांनी हिला फॅन लेटर लिहिलं होतं आणि त्याला छान सभ्य उत्तरही आलं होतं. राय आणि डिॲना, दोघांचं जन्मवर्षही एकच, १९२१.

तर ज्यांना हिची ओळख करून घ्यायचीये त्यांच्यासाठी हे लिहितोय. एकूण २१ मोठे सिनेमे आहेत, १९३६ ते १९४८ मधले, म्हणजे सगळं मिळून १२ वर्षांचं काम. बघायला फार नाहीत, पण चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली तर दुसऱ्या-तिसऱ्या सिनेमातच कंटाळून सोडून द्याल, कारण सुरुवातीचे बरेचसे एकाच साच्यातले आहेत. म्हणून माझं सांगणं असं की रिलीजच्या क्रमानं बघत बसू नका आणि 'गोड, गुणी, गाणारी पोर' ह्या भागावर थांबू तर अजिबात नका. तिचा आवाज पोरीचा बाईमाणसाचा होत जातो आणि त्याबरोबर तिला स्वतःचं आयुष्य स्वतःच्या हातात पाहिजे असतं, ह्या दोन्ही गोष्टी तिच्या सिनेमांमध्ये ऐकू येतात, आणि त्याच ऐकण्यासारख्या आहेत.

आधी थोडी माहिती, म्हणजे बघताना गोंधळ होणार नाही

खरं नाव एडना मे डर्बिन. जन्म ४ डिसेंबर १९२१, कॅनडातलं विनिपेग. आईवडील इंग्लंडमधल्या लँकेशायर भागातले, आणि ही अगदी लहान असतानाच सगळं कुटुंब कॅलिफोर्नियाला आलं, त्यामुळे वाढली लॉस एंजेलिसकडेच. एमजीएम ह्या हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओला एका मोठ्या ऑपेरा गायिकेच्या, अर्नेस्टीन शूमन-हाइंकच्या आयुष्यावर सिनेमा करायचा होता, त्यात तिच्या लहानपणीच्या भूमिकेसाठी गाणारी मुलगी पाहिजे होती, म्हणून हिला घेतलं. तो सिनेमा काही झाला नाही. मग एमजीएमनं हिच्याकडून आणि ज्युडी गार्लंडकडून मिळून एक छोटी फिल्म करून घेतली आणि हिचा करार पुढे वाढवलाच नाही. युनिव्हर्सल ह्या दुसऱ्या स्टुडिओनं तिला लगेच उचललं.

ह्या ठिकाणी तुम्हाला एक किस्सा हमखास वाचायला मिळेल, की एमजीएमच्या साहेबांनी दोघींपैकी भलतीलाच काढून टाकलं, कुणीतरी ऑर्डर चुकीची ऐकली वगैरे. त्याच्या चार-पाच वेगवेगळ्या आवृत्त्या फिरतायत आणि प्रत्येकीत संवाद वेगळा आहे. त्यात वेळ घालवू नका. त्यातून दोघींना एकमेकींच्या विरोधात उभं करायची जी सवय लागते तिनं दोघींचंही ऐकणं बिघडतं.

युनिव्हर्सलची तेव्हा हालत फार वाईट होती. १९३६ मध्येच कार्ल लेमली यांच्या हातातून त्यांनीच उभा केलेला स्टुडिओ गेला होता, नवे मालक आले होते, आणि पैशाची चणचण होती. अशात प्रोड्यूसर जो पास्टरनॅक आणि दिग्दर्शक हेन्री कॉस्टर, दोघंही युरोपातून आलेले, ह्यांनी हिला घेऊन 'थ्री स्मार्ट गर्ल्स' केला. खरं तर त्यात तिचा रोल छोटा होता, पण काम बघितल्यावर तो वाढवत नेला, आणि सिनेमा धो धो चालला. 'हिनं युनिव्हर्सल वाचवला' हे वाक्य तिथून आलं. स्टुडिओ एकटीमुळे वाचला असं मी म्हणणार नाही, पण पुढची काही वर्षं त्यांच्या गल्ल्याचा मोठा आधार ही होती हे नक्की. आणि सिनेमा थेटरात यायच्या आधीच एडी कँटरच्या रेडिओ शोमुळे तिचा आवाज घराघरात गेला होता, म्हणजे लोकांनी तिला आधी ऐकली आणि मग बघितली, हे लक्षात ठेवा, पुढे ऐकण्याबद्दल बोलू तेव्हा उपयोगी पडेल.

पहिलं पाऊल: ११ मिनिटं

सुरुवात त्या एमजीएमच्या छोट्या फिल्मपासूनच करा. नाव 'एव्हरी संडे', १९३६, साधारण ११ मिनिटं. गोष्ट नावापुरती, गावातल्या बागेत आजोबा बँड वाजवतात, ऐकायला कुणी येत नाही, बँड बंद होणार, मग दोन मुली गाऊन गर्दी गोळा करतात. डिॲना 'इल बाचो' गाते, ते आर्दितीचं इटालियन वॉल्ट्झ गाणं, ज्युडी जॅझच्या ढंगातलं गाते, आणि शेवटी दोघी एकत्र.

एकदा नुसती बघा आणि मग परत लावून फक्त डिॲनाचं गाणं ऐका. ती तेव्हा १४ वर्षांची आहे. सूर पक्के, आवाज गोल, पण हातांचं काय करायचं हे तिला अजून कळत नाहीये, चेहरा गाण्याच्या बाहेर राहतो. ह्याच्या उलट ज्युडी पहिल्या ओळीपासून नुसती नाचतेय डोळ्यांनी. हे डोक्यात ठेवा आणि लगेच 'थ्री स्मार्ट गर्ल्स' मधला पोलीस स्टेशनचा सीन काढा, कारण तिथेही ती हेच 'इल बाचो' गाते. मधे फक्त काही महिने गेलेत. पण आता ती गाणं कुणाला तरी ऐकवतेय, समोर पोलीस आहेत, तिला काहीतरी पटवायचंय. कॉस्टरनं तिच्याकडून अभिनय करून घ्यायला किती मेहनत घेतली असेल ते ह्या दोन तुकड्यांत दिसतं. सिनेमा पूर्ण नाही बघितला तरी आत्ता चालेल.

दुसरं पाऊल: १९३७ चा ऑर्केस्ट्रावाला सिनेमा

'वन हंड्रेड मेन अँड अ गर्ल'. हा मात्र पूर्ण बघा, सलग, मोबाईल बाजूला ठेवून. मंदीचा काळ आहे, वडील (ॲडॉल्फ मेंजू) ट्रॉम्बोन वाजवणारे पण बेकार, घरभाडं थकलंय, आणि ही पॅट्सी म्हणजे डिॲना ठरवते की शंभर बेकार वादकांचा ऑर्केस्ट्रा उभा करायचा आणि तो चालवायला थेट लिओपोल्ड स्टोकोव्हस्कीला आणायचं. आणि स्टोकोव्हस्की सिनेमात खरे स्टोकोव्हस्कीच आहेत, फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचे जगप्रसिद्ध कंडक्टर, स्वतःचीच भूमिका करतायत.

ह्यात दोन जागा नीट बघायच्या. पहिली, रिहर्सल चालू असताना ती लपून बसलेली असते आणि ऑर्केस्ट्राबरोबर मोत्झार्टचं 'आलेलुया' गायला लागते. हे गाणं सोप्पं नाहीये, नुसत्या एका शब्दावर लांबच लांब ताना आहेत, आपल्याकडच्या कानाला तर पटकन जवळचं वाटेल असं. बघा ती श्वास कुठे घेते. तान तुटू देत नाही, आणि वर जाताना ओरडत नाही, वरचा सूर जितका मोठा तितकी ती शांत होत जाते. दुसरी जागा स्टोकोव्हस्कीच्या घरातली, सगळे वादक जिन्यावर उभे राहून लिस्टची हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवायला लागतात आणि त्या माणसाचे हात हळूहळू आपोआप हलायला लागतात. तिथे डिॲना गात नाहीये, नुसती बघतेय, आणि तिच्या चेहऱ्यावर जे चालू असतं ते बघून मला वाटतं की ही नुसती गायिका नव्हती, चांगली नटी होती आणि त्याबद्दल तिला फारसं श्रेय मिळालं नाही.

आवाज चांगला येईल अशा हेडफोनवर ऐका असं सांगण्याचं खास कारण आहे. ह्या सिनेमाचं ऑर्केस्ट्राचं संगीत फिलाडेल्फियात वेगवेगळ्या चॅनेलवर रेकॉर्ड करून मग मिक्स केलं होतं, तेव्हाच्या मानानं फार पुढचं काम. ह्या सिनेमाला संगीताचं ऑस्कर मिळालं आणि बेस्ट पिक्चरचं नॉमिनेशनही होतं.

आता १९३७ म्हणजे आपल्याकडे प्रभातचा 'कुंकू' आला ते वर्ष, शांता आपटे स्वतःच्या आवाजात गातायत. त्या काळात नटी गाणार म्हणजे स्वतःच गाणार हे आपल्याकडेही होतं आणि डिॲनाचंही तसंच, सगळी गाणी तिचीच. गाणं आधी रेकॉर्ड करून शूटिंगच्या वेळी त्यावर ओठ हलवायचे ही पद्धत हॉलिवूडमध्ये तोवर रुळली होती, पण आवाज आणि चेहरा एकाच माणसाचा असला की गळ्याची शीर, खांद्याची हालचाल सगळं खरं वाटतं. 'कुंकू' बघितलेला असेल तर ह्या दोन मुलींचा धीटपणा शेजारी शेजारी ठेवून बघा, दोघीही मोठ्या माणसांच्या जगात घुसून जाब विचारतायत.

मधे एक थांबा: ऐकायचं कसं

बऱ्याच जणांना सोप्रानो आवाज, म्हणजे बायकांचा सगळ्यात उंच पट्टीतला आवाज, पहिल्यांदा झेपत नाही, विशेषतः भावगीत-नाट्यसंगीत ऐकून वाढलेल्यांना. सारखा थरथरतो असं वाटतं. त्यावर माझा उपाय सोपा आहे, आधी तिची खालच्या-मधल्या पट्टीतली गाणी ऐका आणि मग वर चढा. 'फर्स्ट लव्ह' मधलं 'होम स्वीट होम' घ्या, किंवा 'बिकॉज ऑफ हिम' मधलं 'डॅनी बॉय'. इथे सूर लांब ठेवलेत, शब्द स्वच्छ आहेत, आणि तो जो कंप आहे तो सुराच्या शेवटी येतो, सुरुवातीला सूर सरळ लागतो. एकदा का हे कानाला कळलं की मग पुच्चिनीचं 'वन फाइन डे' ऐका, तेही 'फर्स्ट लव्ह' मध्येच आहे आणि इंग्रजीत गायलंय.

तिचे गुरू आंद्रेस दे सेगुरोला, स्पॅनिश, स्वतः न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गायलेले. त्यामुळे पाया ऑपेराचा, पण गाणं मायक्रोफोनसाठी. रेडिओमुळे तिला माहीत होतं की लोक हॉलच्या शेवटच्या रांगेत नाही तर दिवाणखान्यात बसलेत. म्हणून ती ढकलून गात नाही.

आणखी एक. तिची गाणी दोन प्रकारची मिळतात, सिनेमातली आणि डेका कंपनीसाठी वेगळी स्टुडिओत केलेली. ही दोन वेगळी रेकॉर्डिंग आहेत. डेकाची ७८ आरपीएमची, एका बाजूला साधारण तीनेक मिनिटं बसायची, म्हणून बरेचदा कडवं गाळलेलं किंवा लय थोडी ओढलेली असते. शक्यतो सिनेमातलं आधी ऐका, कारण तिचं गाणं गोष्टीच्या आत असतं, कुणाकडे तरी बघून गायलेलं असतं. नेटवर जी अपलोड केलेली असतात त्यातल्या काहींचा स्पीड चुकलेला असतो, आवाज बारीक चिमणीसारखा वाटला की ते बंद करा आणि दुसरं शोधा, त्यावरून तिच्याबद्दल मत बनवू नका.

तिसरं पाऊल: 'इट स्टार्टेड विथ ईव्ह', १९४१

मला विचाराल तर तिच्या सगळ्या कॉमेड्यांमध्ये हा सगळ्यात सरस. घरी कुणाला जुने सिनेमे आवडत नसतील तर त्यांच्याबरोबर हा बघा. करोडपती म्हातारा (चार्ल्स लॉटन) मरणाच्या दारात, शेवटची इच्छा म्हणून मुलाची होणारी बायको बघायचीये, ती वेळेवर सापडत नाही म्हणून मुलगा हॉटेलात टोप्या-कोट सांभाळणाऱ्या मुलीला पैसे देऊन घेऊन येतो, आणि म्हातारा हिला बघून चक्क बरा होतो. पुढचं सगळं त्यातून होणारा गोंधळ. लॉटन तेव्हा चाळिशीतला माणूस, पण मेकअप आणि चालण्यातून असा म्हातारा उभा केलाय की विश्वास बसत नाही, आणि डिॲना त्याच्यासमोर जराही कमी पडत नाही. दोघं नाइटक्लबमध्ये कोंगा नाचतात तो सीन चुकवू नका. गाण्यांत 'क्लाव्हेलितोस' बघा, स्पॅनिश, सुसाट वेगाचं, जिभेला गाठ पडेल असे शब्द, आणि ती हसत हसत काढते.

ह्या सिनेमाला एक वेगळंही महत्त्व आहे. कॉस्टर आणि पास्टरनॅक बरोबरचा हा तिचा शेवटचा. ह्यानंतर पास्टरनॅक एमजीएमकडे गेला. म्हणजे १५ व्या वर्षापासून जी माणसं तिला घडवत होती ती गेली, आणि ती १९ वर्षांची, नुकतंच लग्न झालेली, एकटी स्टुडिओसमोर.

इथून पुढे लोक सोडून देतात, तुम्ही सोडू नका

१९४१ च्या शेवटी तिनं स्टुडिओनं दिलेला सिनेमा करायला नकार दिला आणि त्यांनी तिला सस्पेंड केलं. काही महिन्यांनी तडजोड झाली आणि गोष्ट, दिग्दर्शक, गाणी ह्या सगळ्यात तिला मत मिळालं. विचार करा, विशीतली मुलगी, तिच्या नावाच्या बाहुल्या दुकानांत विकल्या जातायत, १९३९ च्या समारंभात मिकी रूनीबरोबर लहान कलाकारांचं खास ऑस्कर मिळालेलं, पडद्यावरचं तिचं पहिलं चुंबन (रॉबर्ट स्टॅक, 'फर्स्ट लव्ह', १९३९) ही पेपरात छापून यायची बातमी होती, आणि ती म्हणतेय की मला आता हे पोरकट रोल नकोत. तिनं पुढे स्वतःच ह्या रोलचं वर्णन केलं होतं, सगळ्यांच्या अडचणी सोडवणारी आणि मधेच गाणं म्हणायला लागणारी मुलगी. तिचं म्हणणं की मी खऱ्या आयुष्यात तशी कधीच नव्हते.

म्हणून चौथं पाऊल 'ख्रिसमस हॉलिडे', १९४४. नाव ऐकून फसू नका, हा नाताळचा गोड सिनेमा नाहीये, लहान मुलांना घेऊन बसू नका. दिग्दर्शक रॉबर्ट सिओडमॅक, गोष्ट सॉमरसेट मॉमच्या कादंबरीवरून, पटकथा हर्मन मँकिएविच यांची, आणि नवरा म्हणून जीन केली, जो इथे नाचत नाही तर खुनी आहे. डिॲना न्यू ऑर्लिन्सच्या एका बदनाम क्लबमध्ये गाणारी बाई. हा अंधाराचा, सावल्यांचा सिनेमा आहे, म्हणजे फिल्म न्वार.

इथे तिचा आवाज ऐका. दोनच गाणी आहेत, त्यातलं पहिलं फ्रँक लेसरचं, वसंत जरा उशिराच येणार ह्यावर्षी अशा अर्थाचं, ती क्लबमध्ये गाते आणि एकही वरचा सूर दाखवायला म्हणून लावत नाही. थकलेला, खालच्या पट्टीत ठेवलेला आवाज, डोळे कुणाकडेच बघत नाहीयेत. 'आलेलुया' गाणारी हीच मुलगी आहे हे आठवा. दुसरं अर्व्हिंग बर्लिनचं 'ऑल्वेज', मूळचं प्रेमाचं साधं वॉल्ट्झ, ते सिनेमात दोन वेगळ्या काळात येतं, सुखाच्या आणि नंतरच्या, आणि एकच गाणं दोनदा गाण्यातून सगळं लग्न कळतं. मला हिच्या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते, की तिनं स्वतःचा गळा कथेसाठी आवरला. गोड गळ्याच्या माणसाला हे सगळ्यात जड जातं. ती आणि नवरा पहिल्यांदा भेटतात त्या कॉन्सर्टमध्ये वाग्नरचं संगीत चालू आहे आणि तेच शेवटी परत येतं, तिकडे कान असू द्या.

तेव्हाच्या चाहत्यांना धक्का बसला, पण सिनेमानं धंदा चांगला केला. स्वतः डिॲनाच्या मते हा तिच्या सर्वात चांगल्या कामांपैकी होता. तरी स्टुडिओनं तिला परत असा रोल दिला नाही, ह्याची चुटपुट मला कायम लागते.

त्यानंतर 'लेडी ऑन अ ट्रेन', १९४५. ट्रेनच्या खिडकीतून समोरच्या इमारतीत खून होताना दिसतो, पोलीस विश्वास ठेवत नाहीत, मग ही स्वतःच शोध घेत सुटते. रहस्य आणि कॉमेडी दोन्ही आहे, रविवारी दुपारी बघायला मस्त. ह्यात ती फोनवरून वडलांना 'सायलेंट नाइट' ऐकवते, पलंगावर आडवी पडून, जवळजवळ कुजबुजल्यासारखं, ते ऐका आणि मग नाइटक्लबमधलं 'नाइट अँड डे' ऐका, एकाच सिनेमात दोन वेगळे आवाज. दिग्दर्शक शार्ल दाविद, फ्रेंच माणूस, हे नाव लक्षात ठेवा.

रंगीत फक्त एकच आहे, 'कान्ट हेल्प सिंगिंग', १९४४, टेक्निकलर, जेरोम कर्नची गाणी. गोष्ट सोडून द्या, सोन्याच्या मागे पश्चिमेकडे निघालेल्या लोकांची आहे आणि खूप ठिकाणी रेंगाळते, पण दोन शेजारच्या न्हाणीघरांत साबणाच्या फेसात बसून ती आणि हिरो एकमेकांना न बघता जुगलबंदी करतात तो सीन आणि उटाहचे डोंगर, एवढ्यासाठी एकदा बघावा. ह्याची चांगली प्रिंट मिळाली तरच बघा, फिकट कॉपीत काही मजा नाही.

बाकीचे, भराभर

'मॅड अबाउट म्युझिक' (१९३८) सुरुवातीच्या साच्यातला, पण व्हिएन्नाच्या मुलांच्या क्वायरबरोबरचं 'आवे मारिया' त्यात आहे. 'हिज बटलर्स सिस्टर' (१९४३) मध्ये शेवटी 'नेस्सून दोर्मा' आहे, जे खरं तर पुरुषाचं गाणं, आणि रशियन गाण्यांची एक मालिका आहे, दोन्हीसाठी बघा, दिग्दर्शक फ्रँक बोर्झेगी. 'हर्स टू होल्ड' (१९४३) युद्धाच्या वेळचा, ती विमानाच्या कारखान्यात काम करते, त्या काळच्या बायकांच्या कामाचं चित्र म्हणून बघायला चांगलं. 'दि अमेझिंग मिसेस हॉलिडे' सुरुवातीला ज्याँ रेनुआर दिग्दर्शित करत होते, मधेच ते बाहेर पडले, आणि सिनेमा तसा तुकड्या-तुकड्याचाच वाटतो. शेवटचे चार, १९४७-४८ चे, सर्वात शेवटी ठेवा. त्यात तिचं मन नाहीये हे दिसतं. तरी 'समथिंग इन द विंड' मध्ये यान पीअर्सबरोबर व्हर्दीचं 'मिझेरेरे' आहे, तेवढा तुकडा काढून बघा.

एक सांगून ठेवतो, ह्या काळच्या बऱ्याच हॉलिवूडपटांत काळे नोकर, चिनी माणसं, परदेशी लोक ज्या पद्धतीनं दाखवलेत ते आज बघताना बोचतं, आणि ते बोचायलाच पाहिजे. मुलांबरोबर बघणार असाल तर त्यावर बोला.

तिच्या निवृत्तीबद्दल वाचताना

शेवटचा सिनेमा सप्टेंबर १९४८ मध्ये आला तेव्हा ती २६ वर्षांची होती. अमेरिकेतल्या सगळ्यात जास्त कमावणाऱ्या बायकांमध्ये तिचं नाव होतं, दोन लग्नं मोडली होती किंवा मोडत आली होती, एक छोटी मुलगी होती. ती फ्रान्सला गेली, डिसेंबर १९५० मध्ये त्याच शार्ल दाविदशी लग्न केलं, पुढे मुलगा झाला, आणि पॅरिसबाहेर नोफ्ल-ल-शातो ह्या गावात राहिली. (पुढे १९७८ मध्ये ह्याच गावात आयातुल्ला खोमेनी येऊन राहिले होते, जगाचे सगळे पत्रकार तिथे गोळा झाले होते.) सिनेमा नाही, स्टेज नाही, मुलाखती नाहीत. अपवाद एकच, १९८३ मध्ये सिनेमाचे इतिहासकार डेव्हिड शिपमन यांना दिलेली मुलाखत. १९९९ मध्ये नवरा गेला, ती एप्रिल २०१३ मध्ये, ९१ वर्षांची होऊन.

ह्याबद्दल जे लेख सापडतात त्यात 'गूढ', 'शोकांतिका', 'हरवलेली तारका' असले शब्द फार. ते वाचा पण मनावर घेऊ नका. सिनेमे वर सांगितलेल्या क्रमानं बघितलेत तर ह्यात गूढ काही उरत नाही. १९४१ मध्ये सस्पेंड झाली तेव्हापासून ती तेच सांगत होती. तिला कुणी पळवून लावलं नाही, तिनं पैसे साठवले, करार संपेपर्यंत काम केलं आणि निघून गेली. ज्यांना गाणं आवडतं त्यांना त्याचं दुःख होणारच, मलाही होतं, तिशीतला-चाळिशीतला तो आवाज काय झाला असता हा विचार येतोच. पण तो तिचा आवाज होता.

मिळवायचं कसं

भारतातल्या स्ट्रीमिंगवर हिचे सिनेमे सहसा सापडत नाहीत, मधेच येतात मधेच जातात, त्यामुळे डिस्कचा पर्याय धरून चाला. युनिव्हर्सलनं सहा सिनेमांचा डीव्हीडी सेट काढला होता, आणि किनो लॉर्बर कंपनीनं ब्लू-रे सेट काढलेत, प्रिंट चांगल्या आहेत. पण मागवायच्या आधी रीजन कोड बघा, म्हणजे ती डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालते त्याची खूण. अमेरिकेची डीव्हीडी रीजन १ असते आणि आपल्याकडची ५, ब्लू-रे तिकडे ए आणि आपल्याकडे सी, त्यामुळे साध्या प्लेअरवर चालेलच असं नाही, सगळे रीजन चालवणारा प्लेअर लागेल. अमेरिकेत राहणारी मराठी मंडळी असाल तर तिथल्या पब्लिक लायब्ररीत आधी विचारा, जुन्या सिनेमांचे सेट बऱ्याच लायब्रऱ्या ठेवतात आणि दुसऱ्या शाखेतून मागवूनही देतात. इंग्रजी सबटायटल असलेली कॉपीच घ्या, कारण त्या काळचे संवाद फार फास्ट असतात, लॉटन तर तोंडातल्या तोंडात बोलतो. काळ्या-पांढऱ्यावर नंतर रंग चढवलेल्या कॉप्या दिसल्या तर घेऊ नका, 'ख्रिसमस हॉलिडे' च्या सावल्या त्यात पार मरतात.

एवढं बघून झालं आणि अजून पाहिजे असं वाटलं तर पास्टरनॅकचा माग काढा. एमजीएममध्ये गेल्यावर त्यानं गाणाऱ्या मुलींचे सिनेमे करणं चालूच ठेवलं, आधी कॅथरिन ग्रेसन आणि मग जेन पॉवेल. ग्रेसनचा आवाज जास्त उंच आणि नाजूक, पॉवेलचा जास्त चपळ. आधी पॉवेल घ्या, ती पटकन आवडेल.